कोरमची घंटी

आमच्या घरात दर रविवारी सकाळी दहा वाजता घंटी वाजायची. ती देवाची नव्हती, दाराचीही नव्हती, कोरमची होती. बाबांनी सदर बाजारातल्या एका इलेक्ट्रिकच्या दुकानातून ती आणली, शाळेत असते तशी, लोखंडी वाटीची, आणि जेवणाच्या टेबलावरच्या भिंतीला घड्याळाशेजारी ठोकली. बटण दाबलं की ती अशी किंचाळायची, की पहिल्या रविवारी शेजारच्या साहू काकी कणकेच्या हातांनी धावत आल्या, काही जळलं-बिळलं का बघायला. आईने त्यांना दारातच थोपवलं. "कुछ नहीं दीदी, हमारे यहाँ विधानसभा खुली है." मग आत येऊन बाबांना म्हणाली, "हे काय आणलं जी? मी बहिरी आहो काय?" बाबा घड्याळात बघून वेळ टिपून घेत होते. पुढे चौबे कॉलोनीतल्या आमच्या गल्लीला त्या आवाजाची इतकी सवय झाली, की काही घरांतली घड्याळं तिच्यावर लावली जाऊ लागली.

बाबा विधानसभेत प्रतिवेदक होते. प्रतिवेदक म्हणजे सभागृहाच्या मधोमध टेबलाशी बसून, जो जे बोलेल ते शब्दन् शब्द लघुलिपीत उतरवून घेणारा माणूस. पाच मिनिटं लिहायचं, उठायचं, आत जाऊन टाइप करायचं, तोवर दुसरा बसलेला असतो, मग पुन्हा आपली पाळी. आधी भोपाळला आणि नवं राज्य झाल्यावर कर्मचाऱ्यांची वाटणी झाली तेव्हापासून रायपूरला, त्यांनी जन्मभर हेच केलं. दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं कानांत भरून घेऊन आलेला माणूस घरी येऊन काय बोलणार? ते हात-पाय धुवायचे, चहा प्यायचे आणि उद्याच्या पाच पेन्सिलींना टोक काढत बसायचे. ब्लेडचा तो खरखर आवाज म्हणजे आमचे बाबा घरी आल्याचा आवाज.

रायपूरला आलो तेव्हा मी सतरा वर्षांची होते. मला कुणी विचारलं नव्हतं. भोपाळला माझ्या तीन मैत्रिणी होत्या आणि संध्याकाळी ज्याच्या काठी बसायचं असा तलाव होता. रायपूरलाही तलाव होता, पण तो माझा नव्हता. कॉलेजातल्या पोरी मला 'मराठी वाली' म्हणायच्या, आणि मंडळाच्या गणपतीत भेटणाऱ्या मराठी पोरी आपसांत हिंदीत बोलायच्या. मी दोन्हीकडे अर्धी. दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. त्याने आठवड्याभरात दोस्त जमवले, भनपुरीतल्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात अर्धवेळ नोकरीही धरली, आणि घरात त्याच्या फक्त चपला दिसू लागल्या. आई स्वयंपाकघरात, बाबा पेन्सिलींत, मी खिडकीत. घरात माणसं चार, पण एका वेळी एका खोलीत दोनसुद्धा सापडायची नाहीत. एकदा आई जेवताना म्हणाली, "या घरात मले कोणाशी बोलाचं असलं तं मी काय भिंतीले सांगू?" त्याच्या पुढच्या रविवारी ती घंटी आली. मला हे उशिरा कळलं, पण तेव्हा आईच्या त्या एका वाक्याला बाबांनी त्यांच्याजवळ होतं तेवढंच उत्तर दिलं होतं. बोलायची दुसरी रीत त्यांना येतच नव्हती.

बैठकीचे नियम त्यांनी फुलस्केपच्या पाठकोऱ्या कागदावर लिहून आणले होते. अध्यक्ष आई. स्वतः बाबा प्रतिवेदक. ते घंटी वाजवतील आणि लिहितील, चालवणार नाहीत. दादा आणि मी सदस्य. घरातला कुठलाही निर्णय, म्हणजे कूलर घ्यायचा की नाही, दादाने मोटरसायकलवर दुर्गला जायचं की नाही, मिनूने (म्हणजे मी) केस कापायचे की नाही, बैठकीतच व्हायचा. कोरम चारांपैकी तीन. आणि उंबरठ्याच्या आत जो असेल तोच मोजायचा. सभागृहातही तसंच असतं म्हणे. आमदार लॉबीत चहा पीत उभा असला तर तो मोजणीत धरत नाहीत. आईचं यावर म्हणणं पडलं, की रविवारी सकाळी अध्यक्षांना भाजी चिरायची असते. तेव्हा तिचं बुटकं लाकडी स्टूल स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावरून चार बोटं अलीकडे, बैठकीच्या खोलीत आणलं गेलं. समोर विळी, बाजूला परात. ती मुनग्याच्या शेंगा सोलता सोलता किंवा सांबारवडीसाठी सांबार निवडता निवडता सभागृह चालवायची. मुनगा म्हणजे शेवगा आणि सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, हे नागपूरच्या पलीकडच्यांना सांगावं लागतं. सुरुवातीचं तिचं वाक्य ठरलेलं होतं. "चालू करा जी लवकर, मले भाजी टाकाची आहे."

पहिल्याच बैठकीत दादाने विचारलं, "ये कोरम होता क्या है?" बाबा म्हणाले, सदस्यानं मराठीत बोलावं. दादाने मराठीत विचारलं. तेव्हा बाबा जेवढे बोलले तेवढे मी त्यांना सलग बोलताना आधी कधी ऐकलं नव्हतं. म्हणाले, नव्वद आमदारांच्या आपल्या विधानसभेला दहा जण लागतात. दहा किंवा एक दशांश, यातलं जे जास्त असेल ते. तेवढे नसतील तर सभागृह हे सभागृहच नाही, नुसती माणसं बसलेली खोली. त्या खोलीनं केलेल्या कायद्याला कायदा म्हणता येत नाही. हिंदीत गणपूर्ती म्हणतात, मराठीतही तेच लिहितात, पण मूळ शब्द लॅटिन, आणि त्याचा अर्थ नुसता 'ज्यांच्यापैकी'. अर्धंच वाक्य. मग त्यांनी जाड डिक्शनरी काढून त्या अर्ध्या वाक्याचं उरलेलं अर्धं दाखवलं. जुन्या काळी इंग्लंडात राजा न्यायाधीश नेमायचा तेव्हा नेमणुकीच्या पत्रात बऱ्याच जणांची नावं असायची, आणि त्यातल्या काही मोजक्यांसाठी खाली लिहिलेलं असायचं, की ज्यांच्यापैकी एक तुम्ही असावं अशी आमची इच्छा आहे. म्हणजे बाकीचे आले-न आले चालेल, पण यांच्याशिवाय काम सुरू करायचं नाही. आईने शेंग सोलता सोलता मान वर केली. "एवढं लांबलचक काहून लिहावं मानसानं? 'या' म्हणावं ना सरळ." आम्ही खूप हसलो. बाबाही हसले आणि त्यांनी ते लिहून घेतलं.

दादाने कोरमचा उपयोग आमच्यापैकी सगळ्यांत आधी ओळखला. ठराव त्याच्याविरुद्ध जातोय असं दिसलं, की तो मला डोळा घालायचा आणि आम्ही दोघं अंगणात पळायचो. उरले दोन; बैठक ठप्प. बाबा बटण दाबून उभे राहायचे, घंटी किंचाळत राहायची, आणि आम्ही पेरूच्या झाडाखाली पोट धरून हसत असायचो. शेवटी आई उंबरठ्यावरून ओरडायची, "या रे पोट्टेहो, गोळाभात थंडा होऊन राहिला!" तो हुकूम घंटीपेक्षा जबर होता. एकदा दादा म्हणाला, मंडळाच्या सभेत तर सगळे अर्धा तास चहा पितात, मग तीच सभा त्याच जागी कोरमशिवाय सुरू करतात, आपणही तसंच करू. खरंच, मराठी माणसांच्या संस्थांत हे इतकं ठरलेलं असतं, की अर्धे लोक सभेच्या वेळेला न येता तहकूब सभेच्याच वेळेला येतात. बाबांना मात्र ते बिलकूल मंजूर नव्हतं. "ती मंडळं आहेत. आपल्याकडे कोरम नसला तर दोनच गोष्टी होऊ शकतात. एक तर तहकूब करून उठून जायचं, नाही तर कोरम होईस्तोवर थांबून राहायचं. तिसरी गोष्ट नाही."

पण तिसरी गोष्ट होती, आणि ती त्यांनीच एकदा मला सांगितली. अधिवेशनाचे दिवस होते, ते थकून आले होते. मी पाणी दिलं तेव्हा आपणहून म्हणाले, "आज दुपारी एक मेंबर पाऊण तास बोलला. आपल्या गावच्या नाल्याबद्दल. समोर सहा जण होते. त्यातले दोन झोपलेले." मी म्हटलं, मग कोरम? ते म्हणाले, "अध्यक्ष आपणहून मोजत नसतात. कोणी उठून निदर्शनास आणून दिलं, की साहेब कोरम नाही, तरच मोजतात. कोणी म्हटलं नाही तोवर कोरम आहे असंच धरतात." मग पाण्याचा पेला खाली ठेवून म्हणाले, "कोणी म्हणत नाही. सगळ्यांनाच कधी ना कधी रिकाम्या बाकांसमोर बोलावं लागते ना." त्या दिवशी मला हा मोठा लबाडीचा प्रकार वाटला होता. नियम एवढे सोवळ्याने पाळायचे आणि मोजायचंच नाही, याला काय म्हणावं! आता वाटतं, नियमांच्या त्या सगळ्या जाड पुस्तकात माणुसकीची म्हणावी अशी तीच एक जागा होती.

रायपूरला येऊन तिसऱ्या वर्षी आई गेली. कावीळ झाली, वाढली, आणि तीन आठवड्यांत घर रिकामं झालं. त्याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही, आजही नाही. लिहिता येण्यासारखं एवढंच, की तेराव्यानंतरच्या रविवारी दहा वाजता घंटी वाजली. दादा आणि मी आपापल्या खोल्यांतून बाहेर आलो. बाबा टेबलाशी वही उघडून बसले होते. आईचं स्टूल होतं तिथेच, उंबरठ्याच्या चार बोटं अलीकडे. त्या जागेवर बसायला कुणीच पुढे झालं नाही. आम्ही तिघं होतो, म्हणजे नियमाने कोरम होता, पण 'चालू करा' म्हणायला कुणी नव्हतं. शेवटी दादा हिंदीत पुटपुटला, "शुरू करो न बाबा." बाबांनी त्याला मराठीत बोलायला सांगितलं नाही.

वर्षाच्या आत दादाला बंगलोरला नोकरी लागली. त्याचं जाणं बैठकीत रीतसर मंजूर झालं, तिघांच्या कोरमने, आणि ते आमच्या घरातलं शेवटचं रीतसर मंजूर झालेलं काम. त्यानंतर बाबा आणि मी, दोघंच. कोरम तीनच राहिला, कारण तो कमी करायचा तर तसा ठराव हवा, आणि ठरावाला कोरम हवा. हे कोडं आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं, पण कुणी बोललं नाही. रविवारी दहाला घंटी वाजायची, मी येऊन माझ्या खुर्चीवर बसायची, बाबा मागच्या बैठकीचं वाचून दाखवायचे. गॅसचा नंबर लावायचा का? मंजूर. नळवाल्याला बोलवायचं का? मंजूर. मग मी त्याच खोलीत बसून भाजी चिरायची, चाकूने, कारण विळी घ्यायची म्हणजे आईच्या स्टुलावर बसायचं. आठवड्यातल्या बाकीच्या सहा दिवसांत आमच्यात जेवढे शब्द व्हायचे त्याहून जास्त त्या अर्ध्या तासात व्हायचे. साहू काकी तांदळाच्या पिठाचे फरे आणून द्यायच्या, तेवढाच काय तो तिसरा आवाज. तीन वर्षं आम्ही असं चालवलं. वहीत उपस्थितीच्या रकान्यात बाबा काय लिहीत होते, ते मी कधी वाकून पाहिलं नाही.

मग मला पुण्याहून पत्र आलं. कायद्याची पुस्तकं छापणाऱ्या एका प्रकाशनाला हिंदी आणि मराठी दोन्ही येणारी अनुवादक हवी होती. मी परीक्षा दिली होती आणि निवडले गेले होते. मला जायचं होतं. हे स्पष्टच लिहिते, कारण पुढे इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी नाइलाजाने गेले. तसं काही नव्हतं. त्या घरातल्या शांततेने माझा जीव गुदमरत होता, आणि एके दिवशी मीही पेन्सिलींना टोक काढत बसेन अशी मला भीती वाटायची. पत्र मी बाबांना दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "बैठकीत घेऊ."

पहिल्या रविवारी तो विषय क्रमांक एक होता. बाबांनी वाचला आणि म्हणाले, विचारार्थ पुढच्या बैठकीत. दुसऱ्या रविवारी तेच. रुजू व्हायची तारीख जवळ येत होती. तिसऱ्या रविवारी त्यांनी पुन्हा विषय वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि वहीकडे बघत म्हणाले, "घाई काय आहे? पुढच्या रविवारी—" आणि माझा तोल गेला. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. आमच्या घरात कुणाला ओरडता यायचं नाही. मी उभी राहिले आणि त्यांच्याच भाषेत म्हणाले, "मी एक गोष्ट निदर्शनास आणून देते. या बैठकीला कोरम नाही. तीन वर्षांपासून नाही."

बाबांच्या हातातली पेन्सिल थांबली नाही, हे मला सगळ्यांत जास्त आठवतं. माझं वाक्य त्यांनी संपूर्ण लिहून घेतलं. मग उठले आणि घंटीच्या बटणावर अंगठा ठेवला. कोरमची घंटी जेवढी वाजवायची तेवढी त्यांनी वाजवली, घड्याळाकडे बघत, एक मिनिटसुद्धा कमी नाही. मला वाटलं माझे कान फुटतील. कोण येणार होतं? आई? दादा बंगलोरहून? साहू काकी तेवढ्या आल्या, ओल्या हातांनी, पहिल्या दिवसासारख्याच घाबरून. "का होगे भैया?" त्या विचारू लागल्या आणि विचारता विचारता उंबरठ्याच्या आत आल्या. तिघं झालो. एक क्षण मला खरंच वाटलं, की बाबा आता हसतील आणि म्हणतील, चला, झाला कोरम. ते हात जोडून म्हणाले, "कुछ नहीं दीदी. आप सदस्य नहीं हैं न." काकी माझ्याकडे बघत बघत परत गेल्या. बाबांनी वहीत एक ओळ लिहिली, वही मिटली आणि मला म्हणाले, "आता इथं काही ठरवता येत नाही, ना हो, ना नाही. तुले जायचं आहे, तू जा." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी रडले असते आणि कदाचित थांबलेही असते.

पुण्यात मी एका वृद्ध बाईंच्या घरी मागच्या खोलीत राहायची. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, तुम्ही कुठल्या? मी म्हटलं रायपूरच्या. म्हणाल्या, "मग मराठी छान शिकलात हो!" त्यानंतर त्यांच्यासमोर मी 'मले' 'तुले' चुकूनही तोंडातून जाऊ दिलं नाही, आणि आईची भाषा बोलायला मला पुण्यात माणूस उरलं नाही. ऑफिसात माझ्या टेबलावर कायदे, उपविधी, नियमावल्या यांचे गठ्ठे येत. सहकारी संस्था असो, ग्रामसभा असो, की विद्यापीठाची अधिसभा असो, कुठे ना कुठे ते कलम यायचंच. गणपूर्ती इतकी राहील. गणपूर्तीअभावी अमुक होईल. दुसऱ्यांनी ते कलम डोळे मिटून टाइप केलं असतं, माझं बोट दर वेळी तिथे अडखळायचं. राज्यघटनेतला मजकूरही एकदा माझ्याकडे तपासायला आला: अध्यक्षाने एक तर सभागृह तहकूब करावं, नाही तर गणपूर्ती होईपर्यंत बैठक स्थगित ठेवावी. बाबांच्याच दोन गोष्टी. मी शुद्धलेखन तपासलं आणि पान उलटलं.

रविवारी दुपारी मी घरी फोन करायची. बाबा एसटीडीच्या काळातल्या माणसासारखे मोजकं बोलायचे. जेवलात का? हव. गुडघा कसा आहे? ठीक. कूलर बिघडला होता तो बदलला का? "बैठक थांबलेली आहे ना," ते म्हणायचे, "कसा बदलू?" मला वाटायचं हा टोमणा आहे, जन्मभराचा. घराला रंग दिला नाही, गळका नळ तसाच, आईच्या साड्यांचं कपाट तसंच. आपण एक वाक्य बोललो आणि घर बंद पडलं, असं वाटून मी फोन ठेवल्यावर खूप वेळ त्या मागच्या खोलीत बसून राहायची. रविवारी सकाळी दहाला मात्र मी कधीच खोलीत थांबले नाही. कुठेही जायची, उगीच भाजी आणायला जायची. तेव्हा माझ्या कानात ती घंटी वाजायची, आणि ती माझ्या डोक्यातली आहे असं मी धरून चालले होते.

दीड वर्षाने मी रायपूरला गेले, न कळवता. गाडीला उशीर झाला होता, स्टेशनवरून रिक्षा केली, आणि गल्लीच्या तोंडाशी उतरले तेव्हा ती ऐकू आली. रविवार होता. दहा वाजले होते. साहू काकी फाटकाशी खाटेवर बिजौरी वाळत घालत होत्या, उडदाच्या आणि तिळाच्या वड्या. मला बघून त्यांनी हात पुसले. "हर इतवार बजाथे बेटी, एको इतवार नागा नइ करे. आधा घंटा बइठे रहिथे." एक रविवार बाबांनी चुकवला नव्हता. मी फाटकातच उभी राहिले.

बाबा टेबलाशी बसले होते. वही उघडी, एकच पेन्सिल, टोक काढलेली. समोर आमच्या दोन खुर्च्या आणि पलीकडे आईचं स्टूल, पुसून स्वच्छ केलेलं. मी दारात बॅग घेऊन उभी होते, माझी सावली वहीवर पडली असावी. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "आत ये. उंबरठ्याबाहेरचे मोजत नाहीत."

मी आत गेले आणि पहिल्यांदाच वाकून वही पाहिली. मी कोरम नाही म्हटलं त्या रविवारचं पान त्यांनी काढून दाखवलं. माझं वाक्य तिथे होतं, शब्दन् शब्द. त्याखाली 'तहकूब' लिहिलेलं नव्हतं. लिहिलं होतं: गणपूर्ती होईपर्यंत बैठक स्थगित. आणि त्याखाली, पानामागून पानं, दर रविवारी एक ओळ. घंटी वाजवली. उपस्थित एक.

"मला वाटलं तुम्ही बंद केली," मी म्हटलं.

"मी काहून बंद करू? प्रतिवेदकाले बंद करायचा अधिकार नसते." मग पेन्सिल उचलत म्हणाले, "मी तं तुले फोनवर सांगत होतो ना, थांबलेली आहे म्हणून."

मी स्वयंपाकघरात गेले, विळी आणि परात घेतली. टोपलीत दोन वांगी होती, ती घेतली. बाहेर आले आणि आईच्या स्टुलावर बसले. तिच्या जाण्यानंतर त्यावर कुणी बसलं नव्हतं. एक पाय थोडा डुगडुगत होता, तो तिच्या वेळीही डुगडुगायचा. परात समोर ओढून मी म्हटलं, "चालू करा जी लवकर. मले भाजी टाकाची आहे."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. पेन्सिल कागदावर टेकलेली, पण हलेना. पस्तीस वर्षं ज्याच्या हातून एक शब्द सुटला नव्हता तो माणूस म्हणाला, "पुन्हा सांग बेटा. लिहायचं राहिलं."

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी लिहिलं, डोळे पुसले, आणि वाचलं, "विषय क्रमांक एक. मिनूनं नोकरीसाठी पुण्याला जाणं." मी विचारलं, कुणाचा विरोध? त्यांनी हात वर केला नाही. मंजूर, मी म्हटलं. विषय क्रमांक दोन, कूलर. मंजूर. खोलीत आम्ही दोघंच होतो, आणि तिसऱ्याबद्दल दोघांपैकी कुणीही अवाक्षर काढलं नाही. दोन दिवसांनी मी पुण्याला परतले, मंजुरीने. त्यानंतर सुट्टीत आले, की आम्ही बैठक घ्यायचो. मी नसले की ते एकटे घंटी वाजवायचे आणि मी पुण्यातल्या खोलीत दहा वाजता थांबून राहायची. बाहेर जायचं मी सोडून दिलं.

आता चाळिशी मागे पडली आहे, आणि मी पुन्हा याच घरात राहते. कायद्यांचे अनुवाद कॉम्प्युटरवर येतात-जातात, त्यासाठी पुणं लागत नाही. बाबांना जाऊन चार वर्षं झाली. दादा दिवाळीला फोन करतो, हिंदीत. साहू काकी थकल्या आहेत. त्यांची सून एकदा अंगणातून विचारत होती, दीदी, अब किसके लिए बजाती हो? रविवारी दहा वाजता मी बटण दाबते, आईच्या स्टुलावर येऊन बसते, विळीवर भाजी घेते आणि बाबांच्या वहीत पुढची ओळ लिहिते. अर्धा तास थांबते. खोलीत एकच माणूस आहे, हे अजून तरी कुणी निदर्शनास आणून दिलेलं नाही.